बाबांचा इंग्रजीचा पेपर

मी दहावीत होते त्या वर्षी बाबाही दहावीला बसले. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. बाबा जंगलखात्यात गार्ड होते आणि आम्ही सावलीजवळच्या एका गावात खात्याच्या दोन खोल्यांत राहायचो. लग्नाआधी ते एकदा मॅट्रिकला नापास झाले होते, तेही इंग्रजीतच. नवे साहेब आले ते म्हणाले, दहावी झालात तर फॉरेस्टरच्या बढतीसाठी तुमचं नाव पाठवता येईल. हे बाबांनी आईला सांगितलं, मला नाही. मला कळलं ते त्यांनी माझं इंग्रजीचं पुस्तक मागितलं तेव्हा.

"बाकीचे विषय मी पाहून घेतो," ते म्हणाले. "इंग्रजी तू शिकव. पण कोणाले सांगू नको."

संध्याकाळी आई चुलीपाशी असायची आणि आम्ही ओसरीवर. बाबांचं पाठांतर चांगलं होतं. स्पेलिंगं ते जंगलात फिरताना घोकत. अडलं ते कॅन, मे, शुड आणि मस्ट यांच्यापाशी. मराठीत 'मी जाऊ शकतो' म्हटलं की भागतं. जायची ताकद आहे की कोणी परवानगी दिली आहे, ते ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत ते बोलणाऱ्यानंच आधी ठरवायचं, हे काही त्यांच्या गळी उतरेना. मग मी त्यांच्याच कामातली उदाहरणं काढली.

"साहेबाले सुट्टी मागता, तेव्हा काय?"

"मे."

"अन् झाडावर चढता येते, तेव्हा?"

"कॅन. पण आता कंबर नाई म्हणते."

"मंग कॅनॉट लिहा."

ते हसले आणि खरंच तसं लिहिलं.

शुड म्हणजे 'गेलं पायजे' आणि मस्ट म्हणजे 'जाच लागते', हे मात्र त्यांना लगेच पटलं. तरी वाक्य बनवायला सांगितलं की ते दर वेळी मस्टच घालायचे. गार्डनं पहाटे उठायचं तर मस्ट, वणवा दिसला की धावायचं तर मस्ट. "शुड कवा वापरता मंग?" मी विचारलं. "ते साहेब लोकायचं असन," ते म्हणाले. "आपल्याले कोण इचारून राह्यलं?"

परीक्षेचं सेंटर सावलीला होतं, माझं आणि त्यांचं एकाच शाळेत, वर्ग मात्र वेगळे. मराठीच्या पेपरला बाबा पांढरा सदरा घालून वर्गात शिरले, तर एक मुलगी त्यांना मास्तर समजून उठून उभी राहिली. तिचं पाहून आणखी चारपाच पोरं उठली. घरी येऊन त्यांनी हे आम्हाला हसत हसत सांगितलं. आईही हसली. त्या दिवशी ते जेवले मात्र थोडंच.

इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दुपारी त्यांच्या बीटात, म्हणजे त्यांच्याकडे राखायला दिलेल्या जंगलात, आग लागली. मोहफुलांचे दिवस होते. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, आणि त्या दिवशी वारा होता. बाबा निघाले तेव्हा आईनं डबा दिला. खिशात त्यांनी पेन अडकवलं होतं. "मी सकाळी तिकडूनच सेंटरवर येतो," ते मला म्हणाले. "तू समोर निघ."

सकाळी मी शाळेच्या फाटकाशी घंटा होईपर्यंत थांबले. ते आले नाहीत. पेपर लिहिताना बाहेर सायकल वाजली की मी मान वर करायचे.

पेपर सुटला तेव्हा ते फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते. सदऱ्याला राख लागली होती आणि डोळे लाल झाले होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "आग लांबली, बाई. पाहू दे पेपर."

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी तो पहिल्यापासून वाचला. गाळलेल्या जागांशी आले तशी बोटानं एकेक जागा दाखवत उत्तरं सांगितली. सगळी बरोबर होती. शेवटच्या वाक्यात 'कुड हॅव कम' होतं. तिथे ते थांबले.

"हे काय?"

"हे आपलं राहूनच गेलं, बाबा. येता आलं असतं पण आला नाई, असं."

त्यांनी पेपरची घडी करून मला दिली आणि सायकलवर बसायला सांगितलं.

मी पास झाले. ऑक्टोबरला पुन्हा बसा म्हणून मी मागे लागले, तेव्हा ते "पाहू" म्हणाले. पुढच्या वर्षीही "पाहू"च. मग साहेबांची बदली झाली आणि तो विषय घरातून निघून गेला. बाबा गार्ड म्हणूनच रिटायर झाले. मी वरोऱ्याला शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, त्याचं त्यांना फार कौतुक होतं. नोकरीपायी माझ्या बापाची बढती हुकली, हे मी कितीतरी जणांना अभिमानानं सांगितलं.

बाबा वारल्यावर भेटायला आलेल्या लोकांत त्यांच्या बरोबरीचे एक गार्ड होते. त्या आगीची आठवण निघाली. "आग तं उजाडाच्या आतच इझली होती," ते सहज म्हणाले. "आमी म्हटलं, भाऊ, पेपर हाये तुमचा, जा. टाइम होता. पण भाऊ मोहाखाली बसून राह्यले. एखादं लाकूड धुमसत असन, म्हणे."

मी त्यांना चहा दिला. पुढे काय बोलले ते मला आठवत नाही.

ते गार्ड उठून गेल्यावर मी आईला विचारलं, तुला हे माहीत होतं का?

"त्या दिवशी डबा भरलेलाच वापस आला," आई म्हणाली. "तवाच समजलं मले. लय भेव घेतलं होतं त्यायनं. पोरापोरीत पुन्हा नापास झालो तं, असं वाटे."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले सांगितलं असतं तं तू समजावत बसली असती," आई म्हणाली. "त्यायले तेच नको होतं."

मला वाटतं, मी समजावलं नसतं, नुसती सोबत गेले असते. पण हे आता कोणाला सांगू?