रुचिकाची हजेरी

मानसी अंधेरीच्या सात बंगल्याजवळच्या चाळीत वाढली. वडील देवगडचे, इकडे इलेक्ट्रिशियन. रुचिका वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. पहिलीपासून दोघी एकाच बाकावर.

त्या दहावीत गेल्या आणि लॉकडाऊनमुळे शाळा मोबाईलवर आली. रुचिकाची आई कमळ मासळी विकायची; तिच्या हाताखालच्या बाया गावी निघून गेल्या होत्या. सोसायट्यांमधून मासळीच्या ऑर्डरी येत, त्या पोचवायला रुचिका सकाळी आईबरोबर जाऊ लागली. क्लासही सकाळीच. माझी हजेरी लावशील का, असं तिने मानसीला विचारलं. मानसीच्या घरात वडिलांचा जुना फोन पडून होता. त्यावर मानसी रुचिकाच्या नावाने क्लासला बसायची, कॅमेरा बंद ठेवून. बाईंनी नाव घेतलं की आवाज जरा जाड करून "हजर" म्हणायची. आठवडाभरासाठी ठरलेलं ते वर्षभर चाललं.

पुढे ऑनलाइन चाचण्या सुरू झाल्या. एका दुपारी रुचिका वही घेऊन आली. वास जावा म्हणून हातांना लिंबू चोळून आली होती. वर्गसमीकरणं समजून घ्यायची होती तिला. मानसीची स्वतःची चाचणी बाकी होती. शिकवायला तास गेला असता, सोडवायला दहा मिनिटं.

"राहू दे गं, तुझी पण मीच भरते," ती म्हणाली.

रुचिकाने वही मिटली आणि ती गेली. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच झाली नाही. शाळेतल्या गुणांवर निकाल लागला, रुचिकाला बहात्तर टक्के. कमळने पेढे वाटले. आपण मैत्रिणीचं भलं केलं, असंच मानसीला वाटलं.

अकरावीला वर्गात बसून पेपर द्यायचा होता. रुचिकाने गणिताचा जवळजवळ कोरा दिला आणि कॉलेज सोडून ती आईबरोबर मासळीबाजारात बसू लागली.

मानसी आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, संध्याकाळी दहावीच्या मुलांना शिकवते. त्यांच्यातल्या कुणी शंका विचारली की तिला ती दुपार आठवते. गेल्या महिन्यात बाजारात जाऊन तिने रुचिकाला सांगितलं, सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बारावी दे, मी रोज शिकवते.

रुचिका पापलेट साफ करत होती. रागावली नाही.

"आता नको गं. तेव्हा शिकायचं होतं मला."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ते गेल्यावर तिने मानसीला बसायला एक क्रेट सरकवला आणि भावाच्या लग्नाची हकिगत सांगू लागली. मानसी ऐकत राहिली. माफी मागायचीच होती तिला, पण त्या बोलण्यात कुठे शिरावं ते कळेना.