फ्रिज बंद केल्यावर आलेला मेसेज

माझी धाकटी बहीण दातांच्या कवळ्या बनवते. लहानपणी आम्ही तिला गरीब गाय म्हणून चिडवायचो. त्याच गायीने गेल्या वर्षी मारकुट्या नवऱ्याचं घर सोडलं आणि त्याला पत्ता लागू न देता आईला घेऊन इथे, या नव्या घरात राहायला आली. नंबर बदलला, तरी त्याचे मेसेज येत राहिले. नवे पडदे छान आहेत. काल घरी यायला उशीर झाला वाटतं. घरातलीच कुठली तरी वस्तू त्याला सगळं दाखवते, असा तिचा संशय. पत्ता कळला की तो दारात उभा राहणार, हे आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

रविवारी दुपारी तिने फायरवॉल लावायला घेतली. म्हणजे राउटरला बजावायचं की ओळखीचे तेवढेच आत घे, बाकीच्यांना दार बंद. ती एकेका वस्तूचं बटण बंद करायची आणि लॅपटॉपवरच्या यादीतून कुठलं नाव गेलं ते मी सांगायची. टीव्ही गेला, दारावरचा कॅमेरा गेला. शेवटी फ्रिज गेला. फ्रिजला इंटरनेट कशाला लागतं, देव जाणे. तिचा, माझा आणि आईचा असे तीन फोन तेवढे उरले. त्या तिन्हींना तिने परवानगी दिली आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "फ्रिज का बंद केलास? दूध नासेल."

तिने आधी माझ्याकडेच पाहिलं. पाठच्या बहिणीने असं बघावं, याचा मला भयंकर राग आला. म्हटलं, "घे माझा फोन, तपास." तिने खरंच घेतला आणि तपासला.

मग ती आतल्या खोलीत गेली. आई पलंगावर बसून फोनवर टाइप करत होती.

"कोणाशी बोलतेयस, आई?"

"जावयांशी." आईच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. "रोज विचारतात बिचारे. काळजी वाटते त्यांना तुझी. पत्ता तेवढा सांगितला नाही अजून."

धाकटी ओरडली नाही. आईच्या हातातून फोन काढून घेऊन ती लॅपटॉपपाशी आली. आईच्या फोनची परवानगी तिने काढली. मग माझ्याही.

"अगं, मी काय केलं?"

"काही नाही, ताई," ती म्हणाली. "पण राहू दे."