अण्णांना पटवायचा सिनेमा

लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आले, त्याच्या पहिल्याच शुक्रवारी सासऱ्यांनी मला विचारलं, "सूनबाई, पिच्चरला येती का?" मी पदर सावरत सासूबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "जा बाई. मला त्या अंधारात झोप येती अन् तुझ्या नवऱ्याला तिथं बसवत नाय." अशी माझी आणि अण्णांची जोडी जमली, ती अण्णा होते तोवर टिकली. सासरा आणि सून दर शुक्रवारी थेटरात! गल्लीत आधी कुजबुज झाली, मग लोकांनी नाद सोडला.

अण्णांनी रीत मात्र कधी सोडली नाही. दोघांसाठी ते तिकिटं तीन काढायचे. एका खुर्चीवर ते, एकीवर मी आणि मधल्या खुर्चीवर पाण्याची बाटली, त्यांची टोपी, माझी पर्स. एकदा हाऊसफुल्ल खेळाला एक माणूस तिथं बसायला लागला, तर अण्णा म्हणाले, "ओ भाई, ये सीट अदब की है." तो बिचारा मुकाट्यानं पुढं गेला.

पडद्यावरचं सगळं ते खरं धरायचे. तंबाखू सोडा म्हणून आख्खं घर ओरडून दमलं होतं. एका सिनेमात हिरोचा बाप खोकून खोकून मेला आणि अण्णांनी बाहेर आल्याबरोबर डबी नाल्यात फेकली. नणंदेचं लग्न तिच्या मनाप्रमाणं व्हावं म्हणून आम्ही किती दिवस डोकेफोड करत होतो! शेवटी मी त्यांना एक रडका प्रेमाचा सिनेमा दाखवला. डोळे पुसतच बाहेर आले. "लई चुकलो असतो गं," म्हणाले आणि स्वतःहून मुलाच्या घरी बोलणी करायला गेले. तेव्हापासून आमच्याकडं पद्धतच पडली. अण्णांना काही पटवायचं असलं की वाद घालायचा नाही, त्या विषयाचा सिनेमा शोधायचा.

मग अण्णांना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल, उशीर करू नका. धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. अण्णा म्हणाले, "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे घरात सगळ्यांना ठाऊक. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. नणंद येऊन रडून गेली. मी मोबाईलवर रोज बघायची, कुठं काय लागलंय. मेला एक तरी ऑपरेशनचा सिनेमा लागेल तर शपथ! सगळीकडं भुतं नाहीतर हाणामाऱ्या.

आमचे हे शेंद्र्याला कंपनीत. सिनेमाचा कंटाळा, पण फुटबॉल म्हटलं की जेवण विसरणार. त्या वर्षी वर्ल्डकपची फायनल मॉलमधल्या थेटरात मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. हे म्हणाले, "अण्णांना तिथं नेऊ. माझ्या आवडत्या टीमचा गोलकीपर बघ तू, शेवटपर्यंत हार मानत नाही. त्याला बघून अण्णा ऑपरेशनला हो म्हणतील." मला पटलं. आमच्या घरात कुणालाही पटलं असतं.

त्या दिवशी मधल्या खुर्चीवर हे बसले. अण्णांनी बसल्याबसल्या विचारलं, "हिरो कोण?"

"तो हिरव्या शर्टातला. गोलकीपर."

झालं! अण्णांनी त्याला पोटच्या पोरासारखा आपला मानला. त्यानं बॉल अडवला की अण्णा शिट्टी मारणार, "वा रे पठ्ठ्या!" पुढचे लोक वळून वळून बघत होते. यांनी मला कोपर मारलं, म्हणजे काम झालं. पण मॅच बरोबरीत सुटली आणि टायब्रेकर आला.

"आता काय?" अण्णांनी विचारलं.

"आता एकेकजण समोरून मारणार, त्यानं अडवायचं."

"अन् त्याची बाकीची माणसं?"

"ती लांब उभी राहणार."

गोलकीपरनं डावीकडं उडी मारली, बॉल उजवीकडून गेला. पुन्हा तसंच. शेवटी तो जाळीसमोर गुडघ्यावर बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. दिवे लागले, लोक उठले, तरी अण्णा पडद्याकडंच बघत होते.

सकाळी चहा घेताना म्हणाले, "ऑपरेशन करायचं नाय. तो गडी एवढा लढला अन् शेवटी त्याला एकट्याला उभं केलं. कुठं उडी मारावी त्यालाच माहीत नाय. तुम्ही समदे काचंच्या भाईर राहणार. आत मी एकटा. नाय जमायचं."

"अहो अण्णा, ती मॅच होती!" हे कळवळून म्हणाले.

"मंग मला कशाला दाखवली?"

कप्पाळ! त्यानंतर मी त्यांना शोधून शोधून सिनेमे दाखवले. कुणी मरणाच्या दारातून परत आलेला, कुणी आजारातून उठून पळायला लागलेला. अण्णा बघायचे, उठायचे, घरी यायचे. त्या गोलकीपरपुढं माझा एकही हिरो टिकला नाही. मला असा संताप यायचा त्यांचा, आणि रात्री त्यांना उशीला टेकून बसलेलं बघितलं की मीच आणखी एक उशी आणून पाठीशी लावायची.

पायांवर सूज आली. आडवं झालं की जीव घाबरा व्हायला लागला. आणि एका सकाळी अण्णा स्वतःच म्हणाले, "चल गं, करून टाकू ऑपरेशन. तुमची तोंडं बघवंनात मला." मला इतका आनंद झाला की मी गॅसवरचं दूध विसरले. यांना फोन केला, रिक्षा बोलावली आणि अण्णांना घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी सगळं परत तपासलं. मला एकटीला आत बोलावून म्हणाले, "आता त्यांना ऑपरेशन झेपणार नाही. गोळ्यांवर जेवढं होईल तेवढं करू." मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलेल्या अण्णांना सांगितलं. त्यांच्यापासून काय लपवणार?

"पण आता तर मी हो म्हणलो ना गं?"

"हो अण्णा."

"मंग सांग की त्यांना. म्हणावं, म्हातारा तयार झालाय."

मी पुन्हा आत गेले. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू आवाजात. बाहेर आले तर अण्णा माझ्या तोंडाकडंच बघत होते. मी नाही म्हणून मान हलवली.

"मला भ्या वाटतंय, सूनबाई."

"मलाही वाटतंय अण्णा," मी म्हणाले आणि त्यांच्याशेजारी बसले. मग आम्ही दोघं त्या बाकड्यावर, भर दुपारी, चारचौघांत ढसाढसा रडलो. येणारे-जाणारे थांबून बघत होते. बघू देत मेले.