एकशे चव्वेचाळीस हर्ट्झची सुरमई

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि घरातली एकही बिघडलेली वस्तू आजवर माझ्या हातून दुरुस्त झालेली नाही.

तसं बिघडण्यासारखं आमच्याकडे होतंच काय म्हणा! मोहने गावातल्या चाळीत एक खोली, एक पंखा, एक ट्यूबलाइट. आमचे अण्णा एका छोट्या कारखान्यात वायरमन होते. एकोणीस वर्षं टेम्पररी! त्यामुळे नवीन वस्तू आली की ती वापरायची नाही, जपायची, हा घरचा नियम. आठवीत मिळालेलं नवं दप्तर मी दहावीत वापरायला काढलं. पाहुण्यांसाठी आणलेल्या सहा काचेच्या कपांच्या लायकीचा पाहुणा अजून यायचाय.

पुढे मी बीएस्सी आयटी झालो, आम्ही चाळीतून वन बीएचकेत आलो आणि ठाण्याच्या एका कंपनीत मला व्हिडिओ गेम तपासायची नोकरी लागली. (गेम खेळायचा पगार मिळतो, हे अण्णांना अजून खरं वाटत नाही.) सहा महिने प्रोबेशन. शेवटी एक डेमो: नव्या गेममधली चित्रं पळताना कुठे अडखळतात, ते घरून कॉलवर आमच्या बॉस मॅडमना दाखवायचं. जमलं तर पर्मनंट! त्यासाठी कंपनीने माझ्या जुन्या मॉनिटरच्या जोडीला एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा नवा पाठवला. साधा पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, हा एकशे चव्वेचाळीस वेळा.

तो आला तेव्हा मी ऑफिसला गेलेलो. घरी येऊन बघतो तर अण्णांनी जोडून आणि आईने हळदकुंकू लावून तयार! दोन्ही पडदे लखलखीत.

"अण्णा, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा आहे, बरं का!"

अण्णा हसले. "अरे, आपल्याकडे लाइटच येते पन्नास हर्ट्झची. वरचे चौऱ्याण्णव हा आणणार कुठून?"

मी अर्धा तास समजावलं. शेवटी ते "बरं" म्हणाले. माणूस अजिबात पटलं नाही की म्हणतो ना, तसं.

डेमो शुक्रवारी चार वाजता. बाराला मी नवा पडदा साठवरून एकशे चव्वेचाळीसवर टाकला. पडदा काळा! दोन सेकंदांनी आला. परत काळा!

"हा उघडझाप काय करतोय रे?" आई पोळी लाटता लाटता बाहेर आली. "तो जुना बघ कसा गुमान चालतोय. नव्याचेच मेले नखरे!"

साठवर टाकला की शहाणा. पण साठवर अडखळणं दिसतच नाही, मग मॅडमना दाखवू काय?

मी ड्रायव्हर (पडदा चालवणारं सॉफ्टवेअर) काढला, परत टाकला. दोन्ही मॉनिटरांच्या जागा बदलल्या. टेबल खिडकीपाशी नेलं, परत आणलं.

"अरे, ती वायर..." अण्णा म्हणाले.

"अण्णा, हे सॉफ्टवेअरचं आहे. तुम्ही बसा."

इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं, की फ्रिजची मोटर चालू झाली की पडदा मिटतो. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला!

"आई, फ्रिज बंद कर!"

"आत सुरमई आहे! तू पर्मनंट होणार म्हणून आणलीय."

"सुरमई महत्त्वाची की नोकरी?"

आई विचार करायला लागली. (एवढा वेळ लागेल असं मला वाटलं नव्हतं.)

फ्रिज बंद. मिक्सर बंद. मग पंखेही बंद! पडद्याची उघडझाप चालूच, वर आम्ही तिघं घामाने निथळतोय.

"बाळा, वायरचं जरा..."

"अण्णा! बीएस्सी आयटी मी केलंय की तुम्ही?"

 अण्णांनी पेपरची घडी केली आणि ते मला वारा घालायला लागले.

तीन वाजता आईने जाहीर केलं, "सुरमई मऊ पडायला लागली. राऊतकाकूंच्या फ्रिजमध्ये ठेवून येते." राऊतकाकू समोरच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. आई गेली.

साडेतीनला मी फोन स्पीकरवर टाकून मॉनिटरवाल्यांच्या हेल्पलाइनला शरण गेलो. पलीकडचा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "सर, बॉक्समधलीच केबल लावलीय ना?"

"अर्थात!" मी पदवीधर आवाजात म्हणालो.

मागून अण्णा खाकरले. "नाही."

"नाही म्हणजे?"

"तेच बारा वाजल्यापासून सांगतोय! ही आपल्या जुन्या सेट-टॉप बॉक्सची. चांगली चालत होती, म्हणून हीच लावली. मॉनिटरच्या बॉक्समधली कोरी आहे, मस्त जाड. ती कशाला खराब करायची? जपून ठेवलीय."

"सर," फोनमधला माणूस म्हणाला, "जुन्या केबलमधून एवढी चित्रं जात नाहीत."

"कुठे ठेवलीय, अण्णा?"

"कपाटात. लॉकरमध्ये."

"चावी?"

"तुझ्या आईच्या कमरेला."

"आणि आई?"

अण्णांनी खिडकीकडे बोट केलं. "सुरमईबरोबर गेलीय."

मी पळालो. व्हिडिओ कॉलसाठी वर इस्त्रीचा फॉर्मल शर्ट, खाली घरातली हाफ पँट. काकूंच्या दारात पोचलो तेव्हा आई निवांत चहा पीत होती.

"आई, चावी!"

"अगं बाई, घरात चोर शिरला काय?" काकू किंचाळल्या.

"नाही काकू, लॉकरमध्ये वायर शिरलीय!"

"कपाट मी उघडणार," आई म्हणाली. लॉकरची चावी ती अण्णांनाही देत नाही. "आणि आता फ्रिज लावणार ना? मग सुरमईपण घेते."

तीन मजले खाली, एक मजला वर. आईचे गुडघे, माझी हाफ पँट आणि गळणारी सुरमई. घरी आलो तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती!

लॉकर उघडला. आईच्या लग्नाच्या शालूखाली माझं डिग्री सर्टिफिकेट, प्लास्टिकमध्ये. त्याच्यावर वायर, तीही प्लास्टिकमध्ये. दोन्ही वस्तू कोऱ्या करकरीत.

वायर अण्णांनीच जोडली. मी एकशे चव्वेचाळीसवर टाकलं. पडद्याने पापणीसुद्धा मिटली नाही.

कॉल झाला. गेम जिथे जिथे अडखळत होता, ते सगळं मॅडमना स्पष्ट दाखवलं. शेवटी त्यांनी विचारलं, "सेटअपला काही प्रॉब्लेम आला का?"

"नाही मॅडम, किरकोळ टेक्निकल," मी म्हणालो. मागे अण्णा जोरात खाकरले.

संध्याकाळी सुरमई तळली. जरा मऊ होती, पण एकही तुकडा उरला नाही.

मी पर्मनंट झालो. पत्र आलं तेव्हा अण्णांनी ते दोनदा वाचलं, प्लास्टिकमध्ये घातलं आणि लॉकरमध्ये माझ्या डिग्रीवर ठेवलं. वायर आता रोज कामाला आहे. डिग्री मात्र अजून कोरीच आहे.