जतचे दोन ठोके

मला पलटणीच्या बँडमध्ये घेतलं, हे मी घरी आठ महिने सांगितलं नव्हतं. आमचं गाव औंधच्या पलीकडे. घरटी एक माणूस फौजेत. माने घराण्याचा पोरगा पलटणीत जाऊन पिपाणी वाजवतोय हे कळलं असतं, तर आमच्या आबांनी पारावर बसणं सोडलं असतं.

वाजवत होतो ती पिपाणी नव्हती, बॅगपाईप होता. काखेत हवेची पिशवी, तोंडात एक नळी आणि खांद्यावर तीन. पलटणीची कूचधून गोऱ्या साहेबांच्या काळातली, मूळची स्कॉटलंडच्या डोंगरांतली. साहेब गेले, धून राहिली. तिच्यावर आमच्या चार पिढ्यांनी पावलं टाकली होती, त्यामुळे ती आता कोणाची हे कोणी विचारत नव्हतं.

दिवस ठरलेला. साडेपाचला पीटी, आठला प्रॅक्टिस, बाराला पाइप पुसून पेटीत. दुपारी स्ट्रेचर ड्रिल. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. लढाई लागली की बँडवाला वाद्य जमा करतो आणि स्ट्रेचर उचलतो. जखमींना खाली आणायचं काम आमचं.

बिरप्पा आमच्याकडे आला तो जत तालुक्यातून. धनगराचा मुलगा, बोलताना मध्येच कानडी शब्द टाकायचा. बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजवतच वाढलेला. पहिल्या दिवशी माझा पाइप ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"मान्या, मेंढरू काखंत दाबल्यागत वरडतंय की रं ह्ये!"

"तुला जमंल का?"

"न्हाई बा. मला ढोल द्या."

त्याला बास ड्रम मिळाला. पोटावर आडवा, दोन्ही बाजूंनी वाजवायचा. त्याला शिकवावं असं फारसं उरलंच नव्हतं.

बँड चालवायचे पाइप मेजर शिंदे साहेब. रहिमतपूरचे, मिशीला पीळ, बोलण्यालाही पीळ. स्वरलिपीचा कागद त्यांच्यासाठी पोथी होती. जे लिहिलंय तेवढंच वाजवायचं. आता आमच्या धुनीत दुसऱ्या भागाच्या शेवटी एक जागा होती. पाइप लांब सूर धरतात आणि दोन पावलांपुरता ड्रम गप्प बसतो. बिरप्पाला ती मोकळी जागा काही बघवेना. पंधरवड्यात त्याने तिथे डाव्या हाताने धनगरी ढोलाचे दोन ठोके घातले. धुं-धुडुं.

शिंदे साहेबांनी बँड थांबवला. "काय व्हतं ते?"

"जागा मोकळी व्हती, साहेब."

"तुझ्या आज्याचं रान हाय व्हय, मोकळं दिसलं की मेंढरं घालाया?"

ड्रम पाठीवर घेऊन मैदानाला पाच चकरा झाल्या. बिरप्पा हसत पळाला. आम्ही पाइप तोंडात धरून हसू दाबत होतो, त्यामुळे सगळेच बेसूर झालो.

मग शिंदे साहेब सहा महिन्यांच्या कोर्सला गेले आणि मेंढरं रानात शिरली. रोज सकाळी तेच दोन ठोके. कंपन्यांना ते लय आवडले. त्या ठोक्यांवर पाय आपोआप उचलायचा. स्वयंपाकीसुद्धा पोळपाटावर ते वाजवायला लागले.

साहेब परतले ते रेझिंग डेच्या आदल्या दिवशी. पलटणीचा वाढदिवस, आणि पाहुणा खास. ज्या गोऱ्या साहेबाने एके काळी आमची पलटण चालवली, त्याचा सत्तरी ओलांडलेला मुलगा. वडिलांच्या पेटीतला धुनीचा जुना कागद घेऊन आला होता. शिंदे साहेबांनी बिरप्पाला बाजूला घेतलं.

"उद्या परेडला ते ठोके ऐकू आले, तर तू रायफल कंपनीत. ड्रम परत दिसायचा न्हाई."

बिरप्पाचं हसू गेलं. ड्रमच्या दोऱ्या आवळताना तो मला म्हणाला, "मान्या, हात बांधून ठेवतो उद्या. ह्यो ड्रम गेला तर मला करमायचं न्हाई."

सकाळी आठला परेड सुरू झाली. चार कंपन्या, मिनिटाला एकशेवीस पावलं. पहिला भाग सुरेख गेला. दुसऱ्याचा शेवट आला, आम्ही सूर धरला, आणि बिरप्पाने वचन पाळलं. ड्रम गप्प.

सहा महिन्यांची सवय अशी सुटत नाही. निम्म्या पाइपवाल्यांनी सूर आधीच सोडला. पाय ठोके शोधत राहिले. मागे चार्ली कंपनीचं पाऊल फाटलं, डाव्यात उजवं मिसळलं. खडी ओतल्यासारखा आवाज आला. धून परत पहिल्यापासून सुरू झाली. सलामीचा मंच दीडशे पावलांवर होता, आणि तिथे पोचायच्या आत तीच जागा पुन्हा येणार होती.

शिंदे साहेब सगळ्यांच्या पुढे चालत होते. मान वळवली नाही. पाइप तोंडातून काढून ओरडले,

"बिरप्पा!"

"साब!"

"घाल मेंढरं!"

धुं-धुडुं.

पाऊल जुळलं. चारही कंपन्या एका पायावर मंचासमोरून गेल्या. मी आयुष्यात इतका चांगला पाइप पुन्हा वाजवला नाही.

चहाच्या वेळी पाहुण्याने कागद उलगडला आणि बोट फिरवत विचारलं, हे दोन ठोके कुठे लिहिलेत? शिंदे साहेब सावधानमध्ये उभे राहिले. "जत, सर." पाहुण्याने आदराने मान हलवली आणि समासात पेन्सिलीने ते नाव लिहून घेतलं. जत म्हणजे कोणी मोठा संगीतकार असावा असं त्याला वाटलं असणार.

दीड वर्षाने पलटण उत्तरेला, उंचावर गेली. वाद्यं जमा झाली. एका सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी रेडिओवर आलं, "पुढचा बंकर. दोन घायल. स्ट्रेचर भेजो." बिरप्पा आणि मी गेलो. पहिल्याला खाली आणलं. दुसऱ्यासाठी वर जाताना गोळा पडला. मला खांद्याला लागलं, बिरप्पाला छातीत. दुसरा स्ट्रेचर येईपर्यंत मी त्याचा डावा हात धरून बसलो होतो. बिरप्पा त्याआधीच गेला. मी रडलो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. गेल्या हिवाळ्यात रेझिंग डेला गेलो, माजी सैनिकांच्या रांगेत उभा राहिलो. बँडमधलं एकही तोंड ओळखीचं नव्हतं. दुसऱ्या भागाचा शेवट आला. धुं-धुडुं. मी ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. नंतर ड्रमवाल्या जवानाला विचारलं, कोणी शिकवलं? म्हणाला, "लिहिलंय सर." कागद दाखवला. त्या मोकळ्या जागेत शाईने दोन खुणा. अक्षर शिंदे साहेबांचं. साहेब वारले, पण हे कधी कोणाला बोलले नाहीत.

फोन घेऊन मी एसटीने जतला गेलो. बिरप्पाची आई ऐंशीच्या पुढे, पण कान शाबूत. फोन कानाला लावून तिने दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा खुदकन हसली.

"बिरूचंच हाय ह्ये. कोन वाजिवतंय?"

"नवा पोरगा हाय, आई. कोकणातला."

"चांगला हाय. पन डावा हात लय जोरात पडतुय. हलका ठेव म्हनावं. बिरूला बी ह्येच सांगून सांगून दमले मी."

मी अंगणात जाऊन लगेच त्या जवानाला फोन लावला.

"बास ड्रम, डावा हात हलका."

"कुणाचा हुकूम, सर?"

"जतचा."

"येस, सर."