टोलीला सुट्टी

त्या शाळेवर मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले ते दोन हजार सालाच्या आगेमागे. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यातलं गाव आणि सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. गाव नाल्याच्या अलीकडे, टोली पलीकडे. गावात धानाची शेती असलेली घरं, बहुतेक आमच्या पोवारांचीच. टोलीत गोंडांची वस्ती. टोलीतले पुरुष जंगलखात्याच्या कामावर नाहीतर गावातल्यांच्या धानाच्या बांध्यांत मजुरीला जात, बाया मोहफुलं वेचत, तेंदूपत्ता तोडत. माझं माहेर बिरसीच्या बाजूचं, घरात पोवारी बोलणारं. आपली बाई आली म्हणून गावाला आनंद झाला. सुरुवातीला रोज कुणी ना कुणी जेवायला बोलवायचं. टोलीतून कुणी बोलावलं नाही, आणि आपण बाईंना बोलवावं असं त्यांच्या मनात आलं असेल असंही मला वाटत नाही.

दिवाळीनंतर निरोप आला की तालुक्याहून विस्तार अधिकारी तपासणीला येणार. त्या दिवशी मी सकाळी शाळेत पोचले तर अंगण झाडून, सडा टाकून तयार होतं. पोरांचे केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. पण प्रत्येक वर्गातल्या मागच्या बसायच्या पट्ट्या रिकाम्या. टोलीतलं एकही मूल आलं नव्हतं. टोलीत कुणी वारलं की काय, असं मला वाटलं. शाळेतल्या ज्येष्ठ गुरुजींना विचारलं तर ते "असन काई" एवढंच म्हणाले आणि फळ्यावर सुविचार लिहायला लागले.

साहेब आले. पाढे झाले, कविता झाली. गावातली पोरं खणखणीत बोलली. साहेब ग्रामशिक्षण समितीच्या अध्यक्षांच्या घरी जेवले, चांगला शेरा देऊन गेले. गुरुजींनी सुटकेचा निःश्वास टाकला तो मला स्पष्ट ऐकू आला.

शाळा सुटल्यावर मी नाला ओलांडून टोलीत गेले. कुणी वारलं नव्हतं, सणही नव्हता. आमच्या शाळेची पोरं नाल्याच्या काठावर दगड रचून मासे अडवत बसली होती. त्यांत तिसरीतली एक मुलगी होती, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिला विचारलं, आज शाळेत का आली नाहीस. ती म्हणाली, सुट्टी होती. कुणी दिली, तर गुरुजींनी. मग तिनेच मला विचारलं, "सायब येऊन गेला का, बाई?"

साहेब येणार हे तुला कसं कळलं, असं मी म्हणाले. हा काय विचारायचा प्रश्न झाला, अशा नजरेनं तिने माझ्याकडे पाहिलं.

"आमाले सुट्टी देल्ली का सायब येते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ढग आले की पाऊस येतो, तसं तिने ते सांगितलं. मला मात्र नाल्यातून परत येताना पायाखालचे दगड दिसत नव्हते. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला शाळेनं शिकवलेला हा पहिला पक्का धडा होता: पाहुणे येतात तेव्हा आपण दिसायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना ऑफिसात बोलावलं. त्यांनी काही लपवलं नाही. माणूस वाईट नव्हता. पोरं आजारी पडली तर स्वतःच्या सायकलवर दवाखान्यात नेणारा होता. ते म्हणाले की हे त्यांच्याही आधीपासून चालत आलंय. टोलीच्या पोरांची जीभ मराठीत वळत नाही, साहेब विचारतो, पोरं खाली मान घालून उभी राहतात, आणि खराब शेरा सगळ्या शाळेला बसतो. शेवटी समजूत घालावी तसं म्हणाले, "अन् त्याईले बी बरंच वाटते, बाई. सुट्टी कोनाले नाई आवडत?"

या शेवटच्या वाक्याचा मला जितका राग आला तितका त्यांच्या बाकीच्या बोलण्याचा आला नाही. पोरांना दाराबाहेर ठेवायचं आणि वर ते त्यांना आवडतं म्हणायचं. मी शिक्षकांची सभा घेतली आणि सांगितलं, यापुढे साहेब येवोत नाहीतर मंत्री येवोत, पटावरचं एकही मूल आपल्या सांगण्यावरून घरी राहणार नाही. कुणी वाद घातला नाही. कुणी हो सुद्धा म्हटलं नाही.

संध्याकाळी ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष घरी आले. गावातले मोठे शेतकरी, आमच्या लांबच्या नात्यात निघणारे. चहा घेता घेता त्यांनी धानाच्या भावाची, माझ्या माहेरची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आले.

"बाई, तुमी तं आपल्याच. मंग गावाची शाळा खाली काऊन पाडून राहिल्या?"

"टोलीची पोरं याच शाळेची आहेत ना, भाऊ?"

"हायेत ना. कोन नाई म्हनते? पन सगडेच दिवस त्याईचेच हायेत. एक दिवस नाई आले तं काय बिघडते?"

मी म्हटलं, मग एका तपासणीला तुमच्या मुलाला घरी ठेवा. त्यांनी कप खाली ठेवला. त्यानंतर त्या घरून मला जेवणाचं बोलावणं आलं नाही.

नुसता हुकूम काढून भागणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. मुख्याध्यापकानं सातवीचा वर्ग घ्यायचा अशी तिथली पद्धत होती. मी पहिली घेतली. पहिल्याच आठवड्यात टोलीतली एक चिमुरडी सारखी हात वर करून "येर, येर" म्हणत होती. गावातली पोरं हसत होती. मला काही कळेना. शेवटी ती उठून स्वतःच माठाकडे गेली आणि मला समजलं की येर म्हणजे पाणी. इतकी वर्षं ही पोरं या शाळेत तहानलेली बसून होती, आणि त्यांना पाणी मागता येत नाही म्हणून आम्ही त्यांना मंद ठरवत होतो.

मग मी त्या तिसरीतल्या मुलीच्या आईकडे जायला लागले. सडपातळ, कमी बोलणारी बाई. सुपात मोहफुलं पाखडता पाखडता ती मला गोंडी शब्द सांगायची आणि माझे उच्चार ऐकून पदर तोंडाला लावायची. ते शब्द मी पहिलीच्या फळ्यावर मराठी शब्दांशेजारी लिहायला लागले. सगळ्या वर्गांत मागच्या आणि पुढच्या पट्ट्यांवरची पोरं मिसळून बसवली. त्यावरून गावातल्या आयांनी माझ्याशी भांडण काढलं. आमची पोरं यांच्या पोरांना चिकटून कायले बसवता, म्हणून एक बाई शाळेच्या फाटकात उभी राहून बोलली, आणि टोलीच्या आया पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन तिथूनच जात होत्या. त्यांनी ऐकलं. ऐकण्याची त्यांना सवय होती, हे मला जास्त लागलं.

पुढच्या वर्षी तेच विस्तार अधिकारी परत आले. या वेळी पट्ट्या भरलेल्या होत्या. ती मुलगी आता चौथीत गेली होती आणि पुढच्या रांगेत बसली होती. साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं. तिने धडा वाचला. हळू, बोट ठेवून, पण चुकीशिवाय वाचला. मग साहेबांनी पुस्तक बाजूला ठेवून झपाझप प्रश्न विचारले, हिंदी-मराठी मिसळून, एकाचं उत्तर यायच्या आत दुसरा. ती गोंधळली, तिची मान खाली गेली. साहेब माझ्याकडे वळले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले,

"मॅडम, इन बच्चों को आज काहे को बिठाया? आधी असं नव्हतं होत."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी इतके दिवस समजत होते की गुरुजी साहेबांपासून काहीतरी लपवतात. लपवाछपवी नव्हतीच. घरी कोण बसवलेलं आहे हे येणाऱ्याला ठाऊक होतं, बसवणाऱ्याला ठाऊक होतं, आणि सगळे मिळून चांगला शेरा वाटून घेत होते. फक्त मला माहीत नव्हतं.

मी म्हणाले, "साहेब, ही पोरं नसतील तर तुम्ही शाळा तपासली असं होत नाही."

शेरा वाईट मिळाला. पंधरवड्यात मला कारणे दाखवा नोटीस आली, शाळेची गुणवत्ता घसरल्याबद्दल. उत्तरात मी जे घडत होतं ते सगळं लिहिलं. तालुक्याला सुनावणीला बोलावलं तेव्हा गुरुजींना विचारण्यात आलं, टोलीच्या मुलांना तपासणीच्या दिवशी सुट्टी दिली जायची का. गुरुजी माझ्याकडे न बघता म्हणाले, असं कधी झालं नाही. परतीच्या बसमध्ये ते माझ्या पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी एकदा मागं वळून शेंगदाण्याची पुडी पुढे केली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

हे सगळं टोलीत कसं पोचलं मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. पण सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला टोलीतल्या बाया आल्या. एरवी त्या येत नसत. आल्या तर मागे उभ्या राहत. त्या दिवशी त्या येऊन पुढे सतरंजीवर बसल्या. रस्त्याचं आणि विहिरीचं बोलणं झालं, सरपंच सभा संपवायला लागले, तेव्हा त्या मुलीची आई उठली. मी तिला घराबाहेर बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

ती म्हणाली, शाळेच्या समितीत टोलीचं माणूस पाहिजे. आमच्या पोराईले घरी कोन ठेवते ते आमाले कडलं पाहिजे.

शाळा समितीचे अध्यक्ष हसले. समितीत कागद वाचावे लागतात, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "तुले लिवता-वाचता येते का?"

"नाई येत," ती म्हणाली. "म्हनून तं पोरीले धाडतो."

आणि ती खाली बसली नाही. उभीच राहिली. तिच्या मागे बाकीच्या बाया एकेक करून उभ्या राहिल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी ओरडलं नाही. सरपंचांनी ग्रामसेवकाकडे पाहिलं, ग्रामसेवकानं टेबलाकडे. शेवटी समितीत टोलीतल्या दोन बायांची नावं घेतली गेली. मला तेव्हा वाटलं, झालं, आता शाळा या पोरांची झाली.

तसं काही झालं नाही. जूनमध्ये गावात एक जीप यायला लागली. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची. अध्यक्षांचा मुलगा आधी गेला, मग त्यांच्या भावकीतले, मग ज्यांना परवडत नव्हतं तेही. जीपमध्ये बसायला टोलीतलं कुणी नव्हतं, आणि जीपचं खरं आकर्षण तेच होतं. इंग्रजीसाठी पाठवतो असं सगळे सांगायचे. त्या पोरांपैकी कितीजण पुढे इंग्रजी बोलले ते मी पाहिलं आहे. आमचा पट अर्धा झाला, एक शिक्षक कमी झाला, आणि ठपका परत माझ्यावर आला. दोन-तीन वर्षांनी माझी बदली झाली. प्रशासकीय कारण, एवढंच लिहिलं होतं. निरोपाच्या दिवशी गुरुजींनी भाषण केलं आणि माझ्या धडाडीचं कौतुक केलं. मी नारळ घेतला आणि ऐकून घेतलं.

तरी एक सांगते. मी तिथे होते तोवर तपासणीच्या दिवशी टोलीतलं एकही मूल घरी बसलं नाही. त्या दोन बाया साहेब येणार कळलं की सकाळीच फाटकात येऊन बसायच्या आणि पोरं आत जाईपर्यंत हलायच्या नाहीत. चौथीतली ती मुलगी सातवी पास होऊन आश्रमशाळेत गेली. पहिलीतली ती चिमुरडी चौथीपर्यंत इतकी बोलकी झाली की तिला गप्प करावं लागायचं.

बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त झाले होते तेव्हा, दरेकसा स्टेशनवर गोंदियाच्या गाडीची वाट बघत बसले होते. एक तरुण मुलगी येऊन पाया पडली. मी ओळखलं नाही. तिने टोलीचं नाव सांगितलं तेव्हा ओळखलं, नाल्याकाठी मला सुट्टीचं सांगणारी तीच ती मुलगी. ती बारावी झाली होती, मग तिने डी.एड. केलं होतं. टोलीतून शिक्षिका व्हायचं शिक्षण घेतलेली ती पहिली. मला इतका आनंद झाला की मी तिला कुठल्या शाळेवर आहेस असं विचारलं.

"भरतीच नाई, बाई," ती म्हणाली. "किती वर्सं झाले, निघूनच नाई राहिली. आता तेंदूपत्ता गोळा होते त्या फडीवर हिशोब लिवतो, सीझनपुरता."

ती हे चिडून बोलली नाही. मी मात्र चिडले. मी तिला म्हणाले, आपल्या शाळेत गोंडी आणि मराठी दोन्ही येणारी शिक्षिका पाहिजे होती, तशी मला एक मिळाली असती तर किती बरं झालं असतं. ती म्हणाली, शाळेत पोट्टे कमी झाले म्हणून बंद करायचं चाललंय. टोलीच्या पोरांना मग दुसऱ्या गावी चालत जावं लागेल, मधे जंगल आहे, लहान पोरं जाणार नाहीत.

टोलीची पोरं बसवली म्हणून गाव शाळा सोडून गेलं, आणि गाव गेलं म्हणून आता शाळा जाणार. याला पटसंख्या म्हणायचं. मी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, कागदावरच्या शब्दांची मला सवय आहे, पण या शब्दाची अजून झालेली नाही.

गाडी आली. ती चढायला मदत करायला लागली तर मी तिला म्हटलं, बंद करायची सभा कधी आहे ते मला फोन करून सांग, मी येते. निवृत्त झालेली बाई तिथे येऊन काय करणार, असं तिने विचारलं नाही. तिने माझा नंबर मोबाईलमध्ये घातला, आणि त्या सभेला आई आणि टोलीतल्या बाया येणारच आहेत असं सांगितलं.