डोळे मिटून पिक्चर काढणारे नाना

आमचे डायरेक्टर नाना शॉट चालू असताना डोळे मिटून बसायचे. शप्पथ. समोर नट डायलॉग म्हणतोय, कॅमेरा चालू आहे आणि हे प्लास्टिकच्या खुर्चीत मान खाली घालून, डोळे बंद. नवीन माणसाला वाटायचं झोपलेत. शॉट संपला की मान तशीच ठेवून म्हणायचे, "परत." मी एकदा विचारलं, न बघता कसं कळतं तुम्हाला? तर म्हणाले, "खोटं कानले पहिले समजस. डोळाले मांगून."

नाना म्हणजे शिरपूरचे लग्नाचे व्हिडिओ काढणारे. पण मोबाईल यायच्या आधी, सीडीच्या जमान्यात, त्यांनी अहिराणीत एक अख्खा पिक्चर काढला होता. आमच्या भागातला अगदी सुरुवातीचा. एकच काढला, पण धुळ्यापासून जळगावपर्यंत प्रत्येक बाजारात त्याची सीडी होती. मी रील्स बनवते, दिवसाला तीन-तीन टाकते, आणि मला हा माणूस वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हता. भेटला तोही मम्मीमुळे.

झालं असं की मम्मीच्या लग्नाची कॅसेट कपाटात बुरशी धरत होती. आम्ही असोद्याचे, पण मम्मीचं माहेर शिरपूर, लग्न तिथेच झालेलं. मामा म्हणाला, "ज्याने शूटिंग केलं तो नाना अजून आहे, त्याच्याकडेच जा. पेन ड्राइव्हमध्ये टाकून देईल." मी गेले. दुकानात शिरताच पहिला प्रश्न, "जेवनी का?" मी म्हटलं, नंतर जेवेन. "मंग काम बी नंतर," म्हणाले आणि शेवभाजीचं ताट पुढे केलं.

हा त्यांचा नियमच होता. पिक्चरच्या शूटिंगलाही आधी सगळ्यांनी जेवायचं, मग कॅमेरा बाहेर. "उपाशी माणूस डायलॉग नही बोलस, कण्हस," असं त्यांचं मत. हिरोचं काम करणारे भगवानभाऊ टेलर सांगतात की मारामारीच्या सीनला त्यांना इतकं वरण-बट्टी खाऊ घातलं होतं की त्यांना खाली वाकता येईना, मग व्हिलननेच बिचाऱ्याने आपणहून उडी मारली.

तर, कॅसेट सुरू झाली. नाना डोळे मिटून, मी स्क्रीनकडे बघतेय. पप्पा फेट्यात, मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेलं, आत्या वरातीत नाचतेय, वाढपी कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. मग लग्न संपलं, स्क्रीन निळी झाली, आणि अचानक एक बाई. एसटी स्टँडच्या बाकावर बसलेली, मांडीवर डबा, भाकरी खातेय. मागे एसटीचा हॉर्न. अकरा सेकंद, मी नंतर मोजले. मग काहीच नाही.

"ही कोण?" मी विचारलं.

नानांनी मान वर केली. डोळे उघडे. "परत लाव," म्हणाले. मी लावलं. "परत." असं सहा वेळा.

मग त्यांनी सांगितलं. त्यांना कॅसेटवर नावं लिहायची सवय नव्हती. "बठ्ठं डोकामा शे," म्हणायचे, म्हणजे सगळं डोक्यात आहे. पिक्चरचा शेवट शूट केला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मम्मीचं लग्न, आणि गडबडीत त्यांनी शेवटाचीच कॅसेट कॅमेऱ्यात घातली. पिक्चरच्या शेवटावर अख्खं लग्न उतरलं. त्यांना कळलंच नाही. सगळ्या कॅसेट धुळ्याला सीडीवाल्याकडे गेल्या. त्याला शेवटी लग्न दिसलं, त्याला वाटलं पिक्चर आहे, शेवटी लग्न असणारच, आणि त्याने सीड्या काढल्या. नानांना कळेपर्यंत बाजारात गेल्यासुद्धा. ती कॅसेट मग लग्नाची म्हणून मम्मीकडे गेली, आणि तिच्या टोकाला शेवटाचे अकरा सेकंद उरलेत हे कुणी बघितलंच नाही. नवीन शेवट घ्यावा तर भगवानभाऊ तिरुपतीला जाऊन टक्कल करून आलेले. केस येईपर्यंत सगळ्या खान्देशाने ते लग्न बघून टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणजे माझे पप्पा त्या पिक्चरचे हिरो झाले होते. धुळ्याच्या बाजारात लोक पप्पांना थांबवून "तुमले कोठे तरी देखेल शे" का म्हणायचे, हे आमच्या घरात त्या दिवशी कळलं. मम्मी दोन दिवस हसत होती.

पण नाना हसत नव्हते. लोक त्यांना भेटून शेवटाचं कौतुक करायचे, आणि तो शेवट त्यांचा नव्हताच. त्यांचा शेवट असा होता: हिरो सुरतेला निघून जातो, हिरोईन त्याच्यासाठी डबा घेऊन स्टँडवर येते, गाडी सुटलेली असते. "मंग ती रडते?" मी विचारलं. नाना चिडले. "रडाले काय झालं? ती बसस आन् तोच डबा उघडीसन भाकर खास. कोनी गया म्हणून बाईने उपाशी नही ऱ्हावाचं. तेवढंच दखाडाचं व्हतं माले."

मी तिथल्या तिथे म्हटलं, नाना, आपण शेवट पूर्ण करू. अकरा सेकंद आहेत, त्याच्या आधीचं मोबाईलवर घेऊ. ते म्हणाले, हिरोईन आता दोन लेकरांची आई, हिरोचं पोट सुटलंय. मग स्वतःच म्हणाले, "चेहरा कसाले? हात ले. पाठ ले." म्हणजे चेहरे दाखवायचेच नाहीत.

सुनंदाअक्का, म्हणजे ती हिरोईन, शिरपुरातच होती. डबा घेऊन आली, तोच जुना, झाकण चेपलेला. भगवानभाऊंची पाठ शर्टात मावेना. अक्का म्हणाली, "पाठ नही, भिंत शे." सगळे आधी जेवले. नाना डोळे मिटून बसले आणि मी डबा बाकावर ठेवल्याचा एक आवाज नऊ वेळा घेतला. आठ वेळा "परत". नवव्यांदा नुसती मान हलवली. इतकं बरं मला लाख व्ह्यूजनेही वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारी मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना पोती लावून आम्ही पिक्चर दाखवला. अर्धं गाव, मम्मी-पप्पा, सगळे. शेवट आला. आताच्या, राबलेल्या हातांनी डबा उघडला आणि पुढच्या क्षणी वीस-बावीस वर्षांची अक्का भाकरी खाऊ लागली. बाजूला अक्का पदर तोंडावर धरून बसलेली. स्क्रीन काळी झाली. तेवढ्यात मागून एक आजीबाई म्हणाल्या, "झायं? आते लगीन दखाडा ना."

सगळे हसले. मी घाबरून नानांकडे बघितलं. इतकी वर्षं त्या लग्नाने त्यांचा शेवट खाल्ला होता. नानांचे डोळे मिटलेलेच. ते लोकांचं हसणं ऐकत होते. मग म्हणाले, "लाव. तिन्हं जेवण व्हयनं, आते नाचू दे."

मी लावलं. आत्या नाचायला लागली, पप्पा लाजून खुर्चीत खाली सरकले. आणि नाना डोळे उघडून बघत होते, शेवटपर्यंत.

दोन महिन्यांनी मुलाने त्यांना सुरतेला नेलं. जाताना खुर्ची मला दिली आणि म्हणाले, "कॅसेटवर नावं टाक." मी प्रत्येक फाइलला नाव देते आता. शूटिंग झालं की त्यांना फोन लावते आणि स्पीकरजवळ धरते, ते तिकडून नुसतं ऐकतात. परवा मी स्वतःच कॅमेऱ्यासमोर बोललेला एक तुकडा ऐकवला.

"परत," म्हणाले. "आन् पहिले जेवी ले."

सकाळपासून मी नुसत्या चहावर होते.